मंजूर झालेली रजा मालकाला रद्द करता यावी का?

साखरपेठकर

टॉवेल निर्यात करणाऱ्या एका कारखान्यात मी कागदपत्रं बघतो. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, कस्टमच्या एजंटशी बोलणं, सगळं माझ्याकडे. आई-वडिलांना तिरुपतीला न्यायचं होतं. बरंच आधी अर्ज दिला, मॅनेजर साहेबांनी सही केली, रजिस्टरला नोंद झाली. ती सही बघूनच मी रेल्वेची आणि दर्शनाची तिकिटं काढली. ३०० रुपयांचं दर्शन एकदा बुक केलं की पैसे परत नाहीत आणि तारीखही बदलून मिळत नाही, हे ज्यांनी काढलंय त्यांना माहीत आहे. निघायच्या तोंडावर ग्रुपवर मेसेज आला: 'कंटेनर आहे, सर्वांच्या रजा रद्द.' कारण एवढंच. पुन्हा कधी मिळणार ते नाही, तिकिटाच्या पैशांबद्दल एक शब्द नाही.

मी थांबलो. आई-वडील आत्तेभावाबरोबर गेले. राग पैशांचा कमी आहे. शिपमेंटचा तक्ता मीच भरतो, आणि अर्जावर सही झाली त्या दिवशी त्या कंटेनरची तारीख तक्त्यात लिहिलेली होती. अचानक काहीही घडलं नव्हतं. साहेबांनी सही करताना तक्ता पाहिला नाही, आणि ते निस्तरलं आमच्या घरानं.

माझं मत सरळ आहे. रजा द्यायची की नाही, हे मालकानं सही करण्याआधी ठरवावं. सही झाल्यावर त्या शब्दावर माणूस पैसे घालतो, नातेवाइकांना कळवतो, म्हाताऱ्या माणसांच्या औषधांची सोय करतो. त्यानंतर रजा मागे घ्यायची असेल तर कारण खरोखर अचानक आलेलं हवं, ते लेखी हवं, बुडालेला खर्च कंपनीनं द्यावा आणि बदली तारीख त्याच कागदावर द्यावी. तुम्हाला काय वाटतं?

टॉवेलवाला

मी कारखानदार आहे. लहान आहे, पण निर्यात करतो. तुमच्या साहेबांचं मी समर्थन करत नाही. ग्रुपवर मेसेज टाकून रजा रद्द करणं मलाही पटत नाही. पण मालकाला तो अधिकारच नसावा, हे मान्य नाही.

एलसीवर, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेनं दिलेल्या पैशांच्या हमीपत्रावर, माल चढवायची शेवटची तारीख छापलेली असते. ती चुकली की बँकेच्या लेखी कागद सदोष ठरतात, पैसे अडकतात, खरेदीदार दर पाडून मागतो. कधी माल विमानानं पाठवावा लागतो आणि त्या भाड्यात अख्ख्या ऑर्डरचा नफा जातो. कंटेनर इथून न्हावा शेवा बंदराला वेळेत पोचला नाही तर जहाज आपल्यासाठी थांबत नाही. हे सगळं शेवटी पगाराच्या दिवशी दिसतं, आणि त्या दिवशी कामगार माझ्या दारात असतो, बँकेच्या नाही.

आता बघा, रजा मंजूर केली तेव्हा ऑफिसात दोन माणसं होती. मधल्या काळात एक पुण्याला नोकरी धरून गेला. उरलेला एकटाच, आणि कागदपत्रांचं काम त्यालाच येतं. मी काय करायचं? आमच्याकडे पाचशे माणसांचं ऑफिस नाही.

साखरपेठकर

मालक, तुमचं उदाहरण खरं आहे, आणि माणूस मधेच सोडून गेला तर ते अचानक आलेलं कारण मी मानतो. त्यासाठीच तर वर लेखी कारण मागितलंय. पण एकाच माणसाला कागदपत्रं येणं हा धंद्यातला धोका आहे ना? त्याला उद्या डेंग्यू झाला तर? दुसऱ्याला शिकवायला वेळ लागतो, पगार वाढतो, म्हणून ते पुढं ढकललं जातं. वाचलेला खर्च मालकाच्या खिशात राहतो आणि धोका आमच्या रजेवर येतो.

जुळे सोलापूर एचआर

कायद्याचं बोलतो, कारण इथं बऱ्याच जणांचा समज आहे की मंजूर रजा रद्द करणं सरसकट बेकायदा आहे. तसं नाही.

आपल्याकडचा कायदा रजा मिळण्याबद्दल आणि नाकारण्याबद्दल बोलतो. १९४८ च्या कारखाने कायद्यात वर्षात २४० दिवस काम केलं की पुढच्या वर्षी दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा होती, आणि १५ दिवस आधी लेखी अर्ज दिला तर ती मनाला येईल तशी नाकारता येत नव्हती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या संहिता लागू झाल्या. सुरक्षा आणि आरोग्याच्या संहितेत २४० चे १८० दिवस झाले. रजा पुढे ओढायची मर्यादा ३० दिवसांची आहे, पण मागितलेली आणि नाकारलेली रजा कितीही साठते. दुकान, शोरूम, ऑफिसवाल्यांसाठी महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा: ४५ दिवसांपर्यंत साठवा, आणि १५ दिवस आधी मागून नाकारली असेल तर ४५ च्या वरच्या दिवसांचे पैसे मागा. पण दिलेली रजा मागे घेता येते का, किती दिवस आधी कळवायचं, तिकिटाचे पैसे कोणी द्यायचे, यावर या कायद्यांत थेट कलम नाही. ते नेमणूकपत्र आणि कंपनीच्या स्थायी आदेशांवर, म्हणजे नोकरीच्या लेखी नियमांवर, जातं.

आणखी एक. नव्या संहितेत देखरेखीचं काम करणारा आणि १८,००० रुपयांपेक्षा जास्त वेतन घेणारा माणूस 'कामगार' या व्याख्येतच येत नाही. साखरपेठकर, तुमचं पद कागदावर काय लिहिलंय ते आधी बघा. सुपरवायझर लिहिलं असेल तर वरचं बरंचसं तुम्हाला लागूच होणार नाही आणि नेमणूकपत्रातल्या ओळीच तुमच्या कामाला येतील.

म्हणून माझा सल्ला: लेखी रद्द केलं असेल तर निघून जाऊ नका. विनापरवाना गैरहजेरी नोंदवली जाते.

यंत्रमाग युनियन, अशोक चौक

एचआर साहेबांनी अर्धं सांगितलं. उरलेलं मी सांगतो.

गैरहजेरी लावली म्हणजे लगेच नोकरी गेली, असं होत नाही. किरकोळ किंवा तांत्रिक गैरवर्तनासाठी, माणसाचं मागचं रेकॉर्ड न बघता धक्कादायक वाटेल एवढी मोठी शिक्षा देणं ही महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात अनुचित कामगार प्रथा आहे. नव्या औद्योगिक संबंध संहितेच्या अनुसूचीतही ते आहे. ज्याच्या हातात साहेबांच्या सहीचा अर्ज आहे, त्याला गेटबाहेर काढणं मालकाला सोपं जात नाही.

दुसरं, पगार. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी 'एक खाडा, दोन दिवसांचा पगार कट' असं तोंडी चालतं. हे चालत नाही. गैरहजर जेवढा वेळ, तेवढ्याच प्रमाणात कपात करता येते. कुणाचा असा पगार कापला असेल तर पगाराची चिठ्ठी घेऊन सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा, एकटे जाऊ नका, चार जण मिळून जा.

आणि टॉवेलवाले मालक, जहाज थांबत नाही हे खरं. कामगाराच्या घरचं लग्नही थांबत नाही. नुकसान तुमच्या चुकीनं झालं तर भरपाई तुम्ही द्या, एवढंच मागणं आहे.

बाळीवेसची अक्का

मी खासगी हॉस्पिटलात नर्स आहे. कोविडमध्ये माझी रजा रद्द झाली होती आणि मी एक शब्द बोलले नाही. बोलायची वेळच नव्हती, वॉर्ड भरलेले होते. अशा वेळी रजा रद्द करायचा अधिकार हवाच, यात मी टॉवेलवाल्यांच्या बाजूची आहे. साखरपेठकरदादा खर्च-भरपाईचं म्हणतात, तेसुद्धा मला त्या दिवसांत सुचलं नसतं.

पण ती साथ गेली आणि सवय राहिली. आता दर वेळी सांगतात, 'स्टाफ कमी आहे, अॅडजस्ट करा.' दोन नर्स सोडून गेल्या त्याला वर्ष होत आलं, जागा भरल्या नाहीत. वर्षभर चालते ती आणीबाणी नसते, ती त्यांची पगार वाचवायची पद्धत आहे. आणि सगळ्यात आधी कुणाची रजा कापतात? जिचं लग्न झालेलं नाही तिची. 'तुला काय घाई, तुझ्या घरी कोण आहे?' माझ्या घरी अर्धांगवायू झालेले वडील आहेत. हे मी प्रत्येक वेळी समजावून का सांगायचं? रजा कशासाठी, हे अर्जात लिहिलं होतं आणि मंजूर झालं होतं. पुन्हा तीच परीक्षा का?

सात रस्ता

सरकारी नोकरीत आहे, म्हणून एवढंच. आमच्या १९८१ च्या रजा नियमांत स्पष्ट लिहिलंय की रजा हक्क म्हणून मागता येत नाही, आणि कामाची निकड असेल तर दिलेली रजाही रद्द होते. निवडणूक आली, पंढरपूरची आषाढी आली की बंदोबस्तातल्या माणसांच्या रजांचं काय होतं ते जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे. केंद्राच्या १९७२ च्या नियमांत मात्र रजेवरून परत बोलावलं तर निघाल्या दिवसापासून कामावर धरतात. बोलावणाऱ्यानं काहीतरी द्यायचं, हे तत्त्व सरकारनंही मान्य केलंय. खासगीत तेवढं तरी असावं.

होटगी रोड

माझी बहीण इंग्लंडमध्ये लेस्टरला आहे. तिथं मालक मंजूर रजा मागे घेऊ शकतो, बंदी नाही. पण १९९८ च्या नियमांप्रमाणे जितक्या दिवसांची रजा, निदान तितके दिवस आधी सांगावं लागतं. आठवड्याची रजा असेल तर आठवडाभर आधी. आणि वर्षाची किमान रजा बुडेल अशा पद्धतीनं ती अडवता येत नाही. आपल्याकडे हे का होऊ नये? यात मालकाचा अधिकारही राहतो.

टॉवेलवाला

आठवडाभर आधी सांगायची अट मला मान्य आहे. भरपाईची नाही, आणि कारण सांगतो. उद्या असा नियम झाला की रद्द केलेल्या रजेचे पैसे द्यायचे, तर माझ्यासारखे सगळे एकच करतील: सहीच करणार नाहीत. आज मी अर्ज आला की त्याच दिवशी सही करतो. मग 'बघू' म्हणेन, आदल्या संध्याकाळपर्यंत 'बघू' म्हणेन. तेव्हा तुम्ही तिकीट कशाच्या जोरावर काढणार? कामगाराला याचा फायदा होईल की तोटा, तुम्हीच सांगा.

विडी घरकुलचा पोरगा

हे सगळं वाचतोय आणि एक सांगावंसं वाटतं. माझे वडील टॉवेलच्या मागावर आहेत, पीसवर. विणलं तेवढे पैसे, शनिवारी हिशोब. त्यांच्या आयुष्यात रजेचा अर्जच नाही, मग मंजुरी कुठली आणि रद्द कुठली? नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा माग बंद असतात, सिद्धेश्वरांच्या गड्डा जत्रेला एखादा दिवस बंद असतात, तीच सुट्टी. तीही बिनपगारी. घरी कार्य असेल तर मालकाकडून उचल घ्यायची आणि नंतर फेडत बसायचं. एकदा आजारी पडून कामावर गेले नाहीत तर मागावर दुसरा माणूस उभा केला होता. सहीवरून भांडायला तुमच्याकडे निदान सही तरी आहे.

साखरपेठकर

तुझं बरोबर आहे, आणि ही चर्चा ऑफिसच्या माणसांपुरती ठेवली तर ती अपुरी आहे. पण पीसवर काम करणाऱ्याला पगारी रजा नाही, हे कायदा म्हणत नाही, चाल म्हणते. १९४८ च्या कायद्यातही रजेचा पगार आदल्या महिन्याच्या रोजच्या सरासरी कमाईवर काढायचा होता. सरासरी काढायची म्हणजे रोजची कमाई कमी-जास्त होणारी माणसंही त्यात धरलेली होती. वडिलांचं नाव हजेरी रजिस्टरला आहे का, ते आधी बघ. अडतं ते तिथंच. युनियनवाले काका, याच्याशी बोला.

यंत्रमाग युनियन, अशोक चौक

बोलतो. पोरा, वडिलांना घेऊन ये, हिशोबाच्या चिठ्ठ्या असतील त्या सगळ्या आण. फाटलेल्या असल्या तरी चालतील. आणि एकाच शेडमध्ये किती माग आहेत, किती माणसं आहेत ते मोजून ये. माणसं कमी दिसावीत म्हणून कागदावर एका शेडचे तीन कारखाने दाखवले असतील तर तेही बघावं लागेल.

साखरपेठकर

टॉवेलवाले मालक, तुमच्या 'बघू'वर बोलायचं राहिलं. ती भीती खोटी नाही, आमच्याकडे आजही निम्मे अर्ज 'बघू'तच असतात. म्हणून भरपाईआधी मुदत हवी: अर्ज आल्यापासून सात दिवसांत हो किंवा नाही, लेखी. नाही म्हटलं तर ती नाकारलेली रजा धरायची आणि साठवायची. मग 'बघू'ला जागा राहत नाही.

पुढच्या अर्जाखाली मी हे लिहून देणार आहे: 'या मंजुरीवर विसंबून मी प्रवासाचं आरक्षण करत आहे. रजा रद्द करायची झाल्यास निदान रजेइतके दिवस आधी कारणासह लेखी कळवावं, पर्यायी तारीख द्यावी आणि परत न मिळणारा खर्च कंपनीनं द्यावा.' एक प्रत ईमेलवर पाठवणार, म्हणजे तारीख राहते. साहेब खालची ओळ खोडतील कदाचित. खोडली तर तिकीट काढायच्या आधी मला कळेल.

जुळे सोलापूर एचआर

हे चांगलं आहे. नुसतं ईमेल करून थांबू नका, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. आणि पद तपासा, मी अजून तेच म्हणतोय.

टॉवेलवाला

सात दिवसांत उत्तर द्यायला मी तयार आहे, कारण लेखी द्यायलाही तयार आहे. रेल्वेचं तिकीट बुडालं तर तेवढे पैसे देईन, तेही माझी चूक असेल तरच. हॉटेल, दर्शन, नातेवाइकांचा खर्च नाही देणार. तिथं माझी 'ना' कायम आहे.

बाळीवेसची अक्का

चूक कुणाची होती, हे कोण ठरवणार? तुम्हीच ना?