फॉल्ट मल्टिप्लायर ०.१ ठेवला की दाब जुळतो, पाणी जुळत नाही

ताळगाव_थर
नमस्कार मंडळी. ओपीएम फ्लो या तेलसाठ्याच्या सिम्युलेटरवर सँड-शेलचं (वाळूखडक आणि चिकणमातीचा खडक) एक मॉडेल चालवतोय. कॉर्नर-पॉइंट ग्रिड, सेल ५० × ५० मीटर, सँडची पर्मिएबिलिटी (तेल-पाणी वाहू देण्याची क्षमता) ५०० मिलीडार्सी. मधून एक फॉल्ट (खडकातला भंग) जातो, थ्रो (थर उभे किती सरकले ते) साधारण २० मीटर. अलीकडे इंजेक्टर (पाणी आत सोडणारी विहीर), पलीकडे प्रोड्यूसर (तेल काढणारी). फॉल्टमधून जाणारा प्रवाह ज्याने गुणायचा तो मल्टिप्लायर ० दिला की प्रोड्यूसरकडचा दाब कोसळतो, १ दिला की पाणी फार लवकर पोचतं. ०.१ वर दाब बसतो, पण पाणी भलत्याच थरातून येतं. आता ०.०५, ०.०२ असं चाचपडत बसायचं का?

बेतुल_बंदर
चाचपडू नका. अख्ख्या फॉल्टला एकच आकडा लावलाय, म्हणून पाण्याचा थर चुकतोय. आधी ॲलन डायग्राम (फॉल्टच्या पृष्ठावर दोन्ही बाजूंचे थर दाखवणारं चित्र) काढून २० मीटर सरकल्यावर कुठली सँड कुठल्या सँडसमोर आली ते बघा. सँडसमोर शेल आली असेल तिथे मल्टिप्लायर काहीही दिला तरी फरक पडत नाही.

सँडसमोर सँड असेल तिथे शेल गूज रेशो (फॉल्टमध्ये चोळल्या गेलेल्या शेलचं प्रमाण) काढा: थ्रोएवढ्या पट्ट्यातून सरकलेल्या प्रत्येक थराची जाडी गुणिले त्यातलं शेलचं प्रमाण, सगळ्याची बेरीज भागिले थ्रो. मग मान्झोकी आणि सहकाऱ्यांचं १९९९ चं सूत्र:

लॉग(फॉल्टची पर्मिएबिलिटी) = −४ × रेशो − ०.२५ × लॉग(थ्रो) × (१ − रेशो)^५

लॉग १० च्या पायाचा, उत्तर मिलीडार्सीत. फॉल्टची जाडी = थ्रो ÷ ६६.

तुमच्या आकड्यांत रेशो ०.३ धरला तर पर्मिएबिलिटी ०.०५६ मिलीडार्सी, जाडी ३० सेंटिमीटर, मल्टिप्लायर ०.०१८. रेशो ०.१५ असेल तिथे मल्टिप्लायर ०.०५६, म्हणजे तिप्पट. आणि हाच ०.३ चा फॉल्ट १०० मीटरच्या सेलमध्ये ०.०३५ होतो, २५ मीटरच्या सेलमध्ये ०.००९. मल्टिप्लायर हा फॉल्टचा गुण नव्हेच, त्यात तुमची ग्रिडही मिसळलेली असते. दुसऱ्याच्या मॉडेलमधून ०.१ उचलून आणण्यात म्हणूनच काही अर्थ नसतो.

फोंडा_लॅटराइट
भूजलवाल्यांकडे हे जरा बरं आहे. खाणीच्या खड्ड्यात येणाऱ्या पाण्याचं मॉडेल करताना डोलेराइटची डाइक (खडकाची उभी भिंत) मॉडफ्लो या भूजल-प्रोग्रामच्या एचएफबी (आडव्या प्रवाहातला अडथळा) पॅकेजमध्ये टाकतात, तिथे कंडक्टिव्हिटी भागिले जाडी एवढंच द्यायचं. सेलचा हिशेब पॅकेज स्वतः करतं, ग्रिड बदलली तरी आकडा तोच.

तुमच्या मॉडेलबद्दल: फॉल्ट तिरका असेल तर ग्रिडमध्ये तो जिन्यासारखा उतरतो. एक्स आणि वाय दोन्ही दिशांचे फेस (सेलच्या बाजू) फॉल्टच्या यादीत आहेत ना? एक पायरी राहिली की पाणी तिथून सुटतं, आणि बाकी सगळे फेस शून्य केले तरी मॉडेल गळतं.

बेतुल_बंदर
बरोबर. शिवाय शेलचं प्रमाण विहिरीतल्या नुसत्या गॅमा रे मोजणीवरून घेतलं असेल तर तपासा. अभ्रक किंवा पोटॅश फेल्डस्पार असलेली स्वच्छ सँडसुद्धा शेलसारखी दिसते, रेशो फुगतो आणि फॉल्ट कागदावर उगीच बंद होतो. डेन्सिटी-न्यूट्रॉन मोजणीशी ताडून बघा. हे सगळं सँड-शेलपुरतंच, हेही लक्षात असू द्या. मुंबई हायच्या चुनखडीला हा रेशो लावून उपयोग नाही.

ताळगाव_थर
दोघांचे आभार. फॉल्टच्या दक्षिण टोकाकडे थ्रो कमी होत ५ मीटरवर येतो. तिथे काय धरू?

बेतुल_बंदर
घोडं बहुतेक तिथेच अडलंय. ५ मीटर थ्रोमध्ये जाड सँड स्वतःच्याच समोर राहते आणि रेशोही ५ मीटरच्याच पट्ट्यावर निघतो. तो ०.०५ आला तर जाडी ८ सेंटिमीटरच्या आत, मल्टिप्लायर ०.३८. मधल्या भागाच्या वीसपट. पाणी टोकाकडून वळून त्या जाड सँडमधून येणार. फॉल्टला एकच नाव न देता थ्रोप्रमाणे तुकडे पाडा, थरांप्रमाणेही पाडा, आणि प्रत्येकाला वेगळा मल्टिप्लायर द्या. टोक पुढे कुठवर जातं ते सिस्मिकवर दिसेलच असं नाही. ५-१० मीटरचा थ्रो बऱ्याचदा रिझोल्यूशनखालीच जातो. तेव्हा टोक एक-दोन सेल पुढे-मागे करून बघा.

फोंडा_लॅटराइट
दोन्ही बाजूंचा तेल-पाणी संपर्क वेगळ्या खोलीवर असेल तर विहिरी बंद ठेवून मॉडेल दहाएक वर्षं नुसतं चालवा. संपर्क आपोआप सरकायला लागला तर मल्टिप्लायरने भागणार नाही. फॉल्टचा दगड तेल अडवून पाण्याचा दाब पुढे जाऊ देतोय. तिथे थ्रेशोल्ड प्रेशर (एवढा दाबफरक झाल्याशिवाय प्रवाह सुरू होत नाही ती मर्यादा) द्यावं लागेल.