कॅल्विन बाप्टिस्टांच्या घरात घुसला, की घर मुळात त्याचंच होतं?

लुईव्हिलकर:
सलाम मंडळी. कोणाचं तारण होणार हे देवानेच आधी निवडलंय असं मानणारे आम्ही कॅल्विनवादी; बाप्टिस्ट या प्रॉटेस्टंट पंथात आमच्यावरून वाद आहे. परवा टेक्सासवाल्याने इथे लिहिलं, "कॅल्विनवादी म्हणजे कावळ्याच्या घरट्यात अंडी घालणाऱ्या कोकिळा. मंडळी (चर्च) आम्ही बांधायची, कर्ज आम्ही फेडायचं, आणि हे सेमिनरीतून (पाळकांच्या विद्यालयातून) येऊन पुलपिट बळकावणार." दोन दिवस गप्प बसलो. पण खाली लोकांनी लाइकची रास घातलेली पाहिली आणि राहवलं नाही.

घरटं कोणाचं ते आधी बघू. लंडनच्या बाप्टिस्टांचा 1689 चा विश्वासनामा उघडा, पानोपानी कॅल्विन आहे. सदर्न बाप्टिस्टांची, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतून निघालेल्या बाप्टिस्ट संघाची, पहिली सेमिनरी (आता आमच्या लुईव्हिलला आहे ती) 1859 ची. तिचा संस्थापक बॉइस प्रिन्स्टनला शिकलेला, पक्का कॅल्विनवादी. तिथल्या प्राध्यापकांना 1858 च्या ज्या कागदावर सही करावी लागते, त्यात निवडीचा सिद्धांत स्वच्छ लिहिलाय. पुढे सेमिनरीचे अध्यक्ष मलिन्स यांच्या काळात ते पातळ झालं. 1993 मध्ये मोहलर अध्यक्ष झाले आणि म्हणाले, सही केलीय ना, मग तसंच शिकवा. याला घुसखोरी म्हणायचं?

आता माझं. तरुणांच्या शिबिरात शेवटच्या रात्री दिवे मंद करायचे, पियानो वाजायचा, "पुढे या, येशूला स्वीकारा". मी तीन वर्षांत तीनदा पुढे गेलो आणि दोनदा बाप्तिस्मा घेतला. दर वेळी वाटायचं, मागच्या वेळची प्रार्थना मनापासून नव्हती. तारण माझ्या पकडीवर नाही, देवाच्या पकडीवर आहे हे ज्या दिवशी कळलं, त्या रात्री झोप लागली. मला सिद्धांत पुस्तकातून नाही, त्या झोपेतून पटला.

टेक्सासवाला:
झोप लागली, आनंद आहे. आमची उडाली.

इतिहास 1689 पासून सुरू होत नाही, भाऊ. हेल्विस नावाच्या बाप्टिस्टाने लंडनमध्ये मंडळी स्थापली 1612 च्या सुमारास, आणि ती माणसं ख्रिस्त फक्त निवडलेल्यांसाठी नाही, सर्वांसाठी मेला असं मानणारी होती. म्हणजे आधीचे कावळे आम्हीच.

आमच्या मंडळीत पाळक निवडताना समितीने सरळ विचारलं, कॅल्विनवादी आहात का? उत्तर आलं, "मी शास्त्रवादी आहे." दीड वर्षात पुढे बोलावणं बंद, सभासदांचं मतदान नावापुरतं, सगळे निर्णय तीन वडिलांच्या, म्हणजे एल्डरांच्या, हातात. आणि ते वडील कोण, तर पाळकांचे वर्गमित्र! तीस वर्षं संडे स्कूल चालवणाऱ्या बाईंना सांगितलं, "येशू तुम्हा सर्वांवर प्रेम करतो" हे मुलांना शिकवताना जपून. माणसं निम्म्यावर आली. लाइफवे या सदर्न बाप्टिस्ट संस्थेच्या 2012 च्या पाहणीत साठ टक्क्यांहून जास्त सदर्न बाप्टिस्ट पाळकांनी या लाटेची काळजी वाटते म्हटलं, ते काय उगाच?

लुईव्हिलकर:
त्याच पाहणीत आपली मंडळी कॅल्विनवादी म्हणणारे तीस टक्के आणि आर्मिनियन (कृपा स्वीकारणं-नाकारणं माणसाच्या हातात आहे असं मानणारे) म्हणणारेही तीसच टक्के. तो आकडा सोयीने गाळलात.

आणि "एकदा तारण ते कायमचं तारण" हे तुम्हीही मानता ना? तो कॅल्विनवादाच्या पाच मुद्द्यांतला पाचवा, त्या पाचांना इंग्रजी आद्याक्षरांवरून ट्यूलिप म्हणतात. म्हणजे ट्यूलिपच्या चार पाकळ्या कुस्करायच्या आणि पाचवी केसांत माळायची.

नगरची लेक:
तारखा पुरे झाल्या असतील तर एक विचारू? कॅल्विनवादाने सुवार्ताकार्य (धर्मप्रसार) मरतं असं टेक्सासवाले दादा नेहमी लिहितात. मग भारतात आलेला मिशनरी विल्यम कॅरी कोण होता? पर्टिक्युलर, म्हणजे कॅल्विनवादी, बाप्टिस्टच ना! बंगालमधल्या सेरामपूरला बसून त्याने मराठी नवा करार काढला.

टेक्सासवाला:
आणि त्याच कॅरीला म्हातारा बाप्टिस्ट पाळक रायलंड म्हणाला होता, खाली बस, देवाला विधर्म्यांचं तारण करायचं असेल तर तो तुझ्याशिवाय करील. हाच तो कॅल्विनवाद.

लुईव्हिलकर:
त्या प्रसंगावर आपला विश्वास नाही असं खुद्द रायलंडच्या मुलाने लिहिलंय. सांगोवांगी किती दिवस चालवणार?

मोडीवाला:
मी ख्रिस्ती नाही, लिपीसाठी इथे येतो. कॅरीचं मराठी व्याकरण 1805 चं, देवनागरीत. कोश 1810 चा, तो मोडी टाइपात. हे सगळं त्याच्या हाताशी असलेल्या वैजनाथ पंडितांच्या जिवावर, आणि नाव मात्र एकट्या कॅरीचं.

बाकी तुमचं भांडण आमच्या ओळखीचं आहे. माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरतं, मांजराच्या पिल्लाला आई तोंडात धरून नेते. रामानुजांचे अनुयायी यावरून दोन पंथांत वाटले गेले आणि देवळाच्या हक्कांसाठी कोर्टात गेले.

नगरची लेक:
वैजनाथ पंडितांचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण कॅरीची ती मराठी इकडे कोणी वाचली? आमच्या पणजीला समजली नसती.

मोडीवाला:
पुण्याची मराठी तेवढी मराठी, असंच ना? बंगालमध्ये बसलेल्या माणसाने नागपूरकडचा पंडित घेतला तर बिघडलं कुठे? आम्हा वैदर्भीयांना दोनशे वर्षं हेच ऐकवलं जातंय.

नगरची लेक:
अहो, मी नगरची! पुण्याचं मला काय कौतुक!

टेक्सासवाला:
धागा मोडीत निघाला. लुईव्हिलकर, तुमच्या सेमिनरीच्या संस्थापकांनी मिळून पन्नासहून अधिक गुलाम बाळगले होते, हे सेमिनरीनेच 2018 मध्ये छापलंय. तेही पूर्वनियोजित का?

लुईव्हिलकर:
लाज वाटते, आणि ते मी लपवत नाही. पण 1845 मध्ये अख्खं सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शनच गुलामगिरीपायी वेगळं झालं. त्यात तुमचे "ख्रिस्त सर्वांसाठी मेला" वालेही होते. तो दगड दोन्ही घरांवर पडतो.

तुमच्या पाळकाने मात्र खोटेपणा केला. याच वादावर नेमलेल्या समितीत मोहलर आणि विरोधी बाजूचे हँकिन्स एकत्र बसले होते. त्यांच्या 2013 च्या अहवालातही पाळकाने आपली मतं मंडळीपासून लपवू नयेत असंच आहे. एवढं मान्य करतो.

टेक्सासवाला:
वा, आमच्यावर तुमच्या ट्यूलिपमधली अनिवार्य कृपा झाली म्हणायची! बरं, पाचव्या पाकळीचं मीही मान्य करतो. आर्मिनियन म्हणवून घ्यायला मलाही आवडत नाही.

नगरची लेक:
तुमचा समेट झाला, छान. माझे अण्णा ख्रिस्ती झाले नाहीत. आईला रविवारी चर्चला सोडायचे आणि बाहेर लिंबाखाली पेपर वाचत बसायचे. मयतीनंतर एका तरुण पाळकाने मला समजावलं, ते निवडलेले नसतील. चहाचा कप हातात होता त्याच्या.

टेक्सासवाला:
बघा. हेच म्हणतोय मी.

नगरची लेक:
तुम्ही नका बोलू, दादा. तुमच्या हिशेबाने अण्णांनी संधी दवडली. तेही मला तेवढंच लागतं.

लुईव्हिलकर:
ताई, तो पाळक आमच्यातलाच असणार. मीही त्या वयात असंच बोललो असतो. उत्तर नाही माझ्याकडे.

मोडीवाला:
कॅरीच्या मोडी कोशाच्या पहिल्या पानाचा स्वच्छ फोटो कोणाकडे आहे का? माझ्याकडच्यात कडेची अक्षरं कापली गेली आहेत.