मदत हवी आहे: शिवणकामाची आवड असलेल्या काकूंना भेट काय द्यावी? (बजेट 3000)

सायली_प

काकूंची साठी पुढच्या महिन्यात आहे. आम्ही चौघं मिळून 3000 पर्यंत खर्च करू शकतो. साडी आणि भांडी नकोत असं त्यांनी आधीच बजावलंय.

त्यांच्याकडे पायाचं काळं मशीन आहे, मोटर बसवलेली नाही. ब्लाउज (बहुतेक कटोरी, म्हणजे गोलाईच्या कापांचे), नातवंडांची झबली-टोपडी आणि हातशिलाईच्या गोधड्या हे नेहमीचं काम. ऑनलाइन तीन गोष्टी दिसल्या: 200 नगांचा शिवणसंच, 32 प्रेसर फूटचा (फूट म्हणजे सुईपाशी कापड दाबून धरणारा भाग) डबा आणि हातात धरायचं स्टेपलरसारखं छोटं मशीन. यातलं काही घ्यावं का? मला शिवणातलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे नक्की काय मागायचं तेही सांगा. मी पुण्यात आहे, भाऊ अमेरिकेत. तो तीन आठवड्यांनी येतोय.

कातरवेळ

तिन्ही नकोत.

200 नगांच्या संचातले दोरे हीच मोठी अडचण. दोरा उजेडासमोर धरून बघा, लव दिसते. ती लव टेन्शनच्या (दोरा ताणून धरणाऱ्या) चकत्यांत आणि शटलमध्ये (खालचा दोरा गुंतवणाऱ्या भागात) साठते, टाके सैल पडतात आणि बिचाऱ्या मशीनला दोष लागतो. शिवाय साठ रंगांतले पाच वापरले जातात. स्टेपलर मशीन एकाच दोऱ्याचा साखळी टाका घालतं. शेवटचं टोक ओढलं की अख्खी शिवण उसवते. ज्यांना शिवता येतं त्यांना हे देणं म्हणजे थट्टाच.

माझं मत: बजेटचा मोठा भाग एका चांगल्या कात्रीत घाला. ब्लाउज शिवणाऱ्या घरात कात्री बहुधा जुनीच असते आणि ती परत परत धार लावून झिजलेली असते. 8 किंवा 9 इंची घ्या. 10 इंची शिंप्यांची घडीव कात्री जड असते, साठीच्या मनगटाला ती नको. मूठ वाकडी हवी, म्हणजे खालचं पातं टेबलावर सपाट सरकतं आणि कापड उचललं जात नाही. मेरठच्या कात्र्या चांगल्या असतात (2013 मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळालंय), जपानी काई कंपनीच्या वजनाला हलक्या पण महाग.

दुकानात रुबियाचा (अस्तराच्या पातळ सुती कापडाचा) तुकडा घेऊन जा. चार पदरी घडी करून मुळापासून टोकापर्यंत कापा. शेवटचा अर्धा इंच महत्त्वाचा: टोकाशी कापड चावलं किंवा पात्यांच्या मध्ये दुमडलं तर ती कात्री ठेवून द्या. मग कात्री मिटून उजेडाकडे धरा. दोन पाती टोकाशी आणि स्क्रूपाशी टेकलेली, मध्ये केसाएवढी फट, अशी हवी. पूर्ण चिकटलेली पाती घासली जातात आणि लवकर बोथट होतात.

सोबत कागदासाठी एक साधी, स्वस्त कात्री द्या आणि तिला रंगीत फीत बांधा. हसू नका. कागदात भरीला खडूसारखी खनिजं असतात, त्यांनी कापडाच्या कात्रीची धार जाते आणि घरातले बाकीचे लोक नेमकी तीच कात्री दुधाच्या पिशवीला लावतात.

टीपकाम

कात्रीला +1. मशीनचं काही घेणार असाल तर आधी गुपचूप तीन फोटो काढा: सुयांचं पाकीट, बॉबीन (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ) आणि सुईजवळचा फूट.

सुई: घरगुती मशीनला बहुधा एचए×1 (15×1 सुद्धा लिहितात) लागते, तिच्या दांड्याची एक बाजू सपाट असते. डीबी×1 गोल दांड्याची, कारखान्यातल्या मशीनची. दुकानदार 'सगळ्यांना चालते' म्हणाला तरी ऐकू नका. उंची जुळली नाही की शटलची चोच दोरा पकडत नाही आणि टाके सुटतात. नंबर मिसळून घ्या: मलमल-रुबियाला 11, नेहमीच्या सुतीला 14, जाड कापडाला 16. झबल्यांना होजिअरी (बनियनसारखं ताणणारं कापड) वापरत असतील तर बॉलपॉइंट 11 चं एक पाकीट. साधी सुई होजिअरीचे धागे तोडते, मग धुतल्यावर शिवणीपाशी भोकं दिसतात.

बॉबीन: घरातली एक खिशात घालून न्या आणि दुकानात शेजारी ठेवून उंची बघा. अर्ध्या मिलिमीटरच्या फरकानेही बॉबीनच्या डबीत (केसमध्ये) अडकते किंवा खडखडते. जुळली की डझनभर घ्या. रिकामी बॉबीन मिळावी म्हणून आधीचा दोरा उसवून टाकणं हा शिवणाऱ्यांचा नेहमीचा वैताग आहे.

फूट: 32 चा डबा झिगझॅग मशीनसाठी असतो. काळ्या सरळ टाक्याच्या मशीनवर त्या फूटची रुंद खाच पातळ कापड सुईजवळ दाबून धरत नाही, कापड सुईबरोबर वर उचललं जातं आणि टाके चुकतात. दोनच सुटे घ्या, अरुंद प्रकारातले: पायपिनचा (म्हणजे पायपिंगचा, गळ्याला लागतो) आणि एका बाजूचा चेनचा. फूट खाली करून पकडस्क्रूच्या मध्यापासून सुईखालच्या धातूच्या पट्टीपर्यंत मोजा. अर्धा इंचाच्या आसपास आलं तर 'लो शँक' (आखूड दांड्याचा) मागा.

सायली_प

बाप रे, बरं झालं विचारलं! सुई सपाट बाजूची निघाली, स्क्रूपासूनचं माप अर्धा इंच. एक सांगायचं राहिलं: काकू डावखुऱ्या आहेत. डावी कात्री घेऊ का?

कातरवेळ

थांबा. आधी त्या कापतात कुठल्या हाताने ते बघा. त्या पिढीतल्या पुष्कळ डावखुऱ्या बायका लिहितात डाव्याने आणि कापतात उजव्याने, कारण घरात कात्री एकाच प्रकारची होती. डाव्या कात्रीची पाती उलट बसवलेली असतात. उजव्या हाताने ती वापरली तर खडूची रेघ पात्यामागे जाते आणि कापडही चावतं. डाव्यानेच कापत असतील तर मात्र खरी डावी घ्या. नुसती दोन्ही हातांना चालेल अशी गोल मूठ म्हणजे डावी कात्री नव्हे.

गोधडीप्रेमी

हातशिलाईकडे कुणी बघतच नाहीये! गोधडीला धावदोरा घालणाऱ्या बोटाला अंगुस्तान (सुई टोचू नये म्हणून घालायची टोपी) लागतं. धातूचं, खळगे खोल असलेलं, मधल्या बोटाच्या मापाचं. सैल झालं की गळून पडतं आणि घट्ट झालं की बोट ठणकतं, म्हणून लगतच्या मापांची दोन घ्या. सोबत लांब, मोठ्या नेढ्याच्या सुया आणि जाड सुती दोरा. पॉलिस्टरचा दोरा जुन्या मऊ सुती साडीपेक्षा कणखर असतो, वर्षानुवर्षांच्या धुण्यात तो कापडच कापतो.

कापड द्यायचं असेल तर पूर्ण माप द्या. 44 इंच पन्ह्यात (कापडाच्या रुंदीत) कुर्त्याला अडीच मीटर, ब्लाउजला 1 मीटर आणि तेवढंच 2 बाय 2 रुबियाचं अस्तर. खणाचा पन्हा लहान असतो, त्यामुळे बाहीपुरतं कापड उरेल का ते आधी विचारा. अस्तर पांढरं आणि त्यांच्या साड्यांच्या रंगांचं घ्या, ते कधीच वाया जात नाही. 'छान दिसला म्हणून' घेतलेला पाऊण मीटरचा तुकडा मात्र कपाटात पडून राहतो.

न्यूजर्सीकर

भावाला इथून इस्त्री किंवा प्लगचा दिवा आणायला सांगू नका. इथे 120 व्होल्ट, तिकडे 230. यूएसबीवर चालणारा चुंबकाच्या बुडाचा दिवा चालेल. काळ्या मशीनचं धड बिडाचं (ओतीव लोखंडाचं) असेल तर तो थेट चिकटतो, सुईजवळ सावली पडत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या धडाला चिकटणार नाही, म्हणून फ्रिजवरचं चुंबक आधी लावून बघा. कात्री आणली तर चेक-इन बॅगेत. पॉवर बँक आणत असेल तर ती उलट, हातातल्या बॅगेतच.

रीळगाडी

मोटर बसवून दिली तर?

टीपकाम

विचारल्याशिवाय नको. पायाच्या मशीनवर वेग पायात असतो, कटोरीच्या गोलाईवर एकेक टाका घेता येतो. मोटरचा पेडल सवयीचा होईपर्यंत मशीन पळतं. त्यातून बसवायचीच तर मशीनच्या खांबावर मोटरचं भोक आहे का आणि चाकाला पट्ट्याची खाच आहे का ते बघावं लागतं. पट्टा फार ताणला की मोटर तापते.

त्यापेक्षा मशीनच्या तेलाची बाटली द्या, पाण्यासारखं पातळ असलेलं. पुष्कळ घरांत खोबरेल घालतात. ते थंडीत गोठतं, एरवीही चिकट होऊन मशीन जड चालतं.

सायली_प

ठरलं. काल बघितलं, काकू उजव्यानेच कापतात! म्हणजे 8 इंची कात्री, कागदासाठी फीत बांधलेली दुसरी, सुयांची चार पाकिटं, डझनभर बॉबीन, पायपिनचा फूट, अंगुस्तान दोन मापांत, तेल. उरलेल्या पैशांत अस्तर. भाऊ दिवा आणतोय. रविवार पेठेत बोहरी आळीत सगळं एकदम मिळेल ना?

कातरवेळ

बारीकसारीक सगळं मिळेल. कात्री मात्र धार लावून देणाऱ्या दुकानातून घ्या आणि बिल डब्यात ठेवा. स्क्रू सैल-घट्ट करायला काकूंना तिथेच जावं लागेल. अस्तर देण्याआधी धुऊ नका. शिवणारे स्वतः भिजवून आटवून घेतात, आणि घडी मोडलेलं कापड भेट वाटत नाही. फक्त मापात पाव मीटर जास्त घ्या.