कोल्लमहून जुनी स्पीडबोट आणतोय, देवबागच्या खाडीत उतरवण्याआधी काय बघू?

कर्लीकाठ:
देवबागला आमचं होमस्टे आहे. पाहुण्यांना संगमापर्यंत फिरवायला 22 फुटी फायबर बोट घेतोय, सेकंडहँड. केरळात अष्टमुडी तलावात चालत होती. मालकाने पाठवलेल्या व्हिडिओत तळाला काळपट शिंपल्यांचे घोस दिसतात. तो म्हणतो, ट्रकवरून येईपर्यंत सुकून मरतील. आमच्या वाडीतल्या बायका याच खाडीत तिसऱ्या नि कालवं काढतात, म्हणून विचारतोय. थेट पाण्यात सोडली तर चालेल का?

रापणवालो:
समुद्र सगळो एकच मां? येवचा ता येतलाच. मुंबयच्यो बोटी कितके वर्सा हय येतत, काय झाला? कित्याक डोक्याक ताप करून घेतंस? नारळ फोड आणि उतरव.

फायबरमिस्त्री:
नारळ फोडा, पण एवढ्यात उतरवू नका. मी रत्नागिरीकडे फायबर बोटींची डागडुजी करतो, त्यामुळे परगावच्या बोटींचे तळ बघण्यातच दिवस जातो.

अष्टमुडी म्हटल्यावर मला चारू शिंपल्याची शंका येते. मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा. 2017च्या ओखी वादळानंतर तिकडे डोळ्यांत भरण्याइतका माजला आणि स्थानिक शिनाणे, तिसऱ्यांची जागा बळकावून बसला. त्याला खारं, मचूळ दोन्ही चालतं. तेव्हा पावसात कर्ली नदीचं पाणी गोडं होऊन तो मरेल, या भरवशावर राहू नका.

आणि रापणवाल्यानू, मुंबईच्या बंदरात कॅरिबियनकडचा काळ्या पट्ट्यांचा शिंपला कधीचाच येऊन बसलाय. तोच 1999 मध्ये ऑस्ट्रेलियात डार्विनच्या मरिनात, म्हणजे बोटी लावून ठेवायच्या धक्क्यात, सापडला, तेव्हा त्यांनी मरिना बंद करून पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतलं. निपटला तो, पण तिथल्या मरिनांना दरवाजे आहेत. आपल्या खाडीला कुठला दरवाजा लावणार?

सुकून मरण्याचं म्हणाल, तर शिंपला तोंड मिटून पाण्याबाहेर कित्येक दिवस काढतो. ट्रकवरचे दीड-दोन दिवस त्याला काहीच नाहीत.

म्हणून तपासणी कोल्लमलाच, बोट ट्रकवर चढण्याआधी. तळ कोणीही खरवडून देईल, खरी भानगड सांदीकोपऱ्यात असते. पंख्यामागची फट, इंजिनाची पाणी ओढायची जाळी, ट्रेलरच्या रुळांखालची बाजू, सगळीकडे हात फिरवा. गुळगुळीत असायला हवं ते पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागलं, तर बारकी पिल्लं चिकटलीत असं समजा. ती नजरेला सहसा सापडत नाहीत. बिल्जमधलं, म्हणजे बोटीच्या आत तळाशी साचलेलं पाणी तिथेच, जमिनीवर उपसून टाकायला लावा, त्यात अळ्या तरंगत असू शकतात. आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेर लावलेलं इंजिन, सरळ उभं ठेवून आतलं पाणी गळू द्या. नांगराचा दोर वरून सुका दिसला तरी वेटोळं उलगडून मधला भाग बघा, ओल तिथेच राहते.

साध्या प्रेशर वॉशने शिंपला निघतो, मरेलच असं नाही. अमेरिकेत क्वागा नावाच्या अशाच घुसखोर शिंपल्यासाठी बोटी साधारण 60 अंशांच्या पाण्याने धुतात. निघालेली खरवड ताडपत्रीवर गोळा करून पाण्यापासून लांब पुरायची. तिकडे लोक सर्रास परत पाण्यात ढकलतात, तसं होऊ नये म्हणून कोणीतरी उभं राहू दे.

कर्लीकाठ:
मालकाशी बोललो. तळ खरवडून देईन म्हणतो, इंजिनाला हात लावणार नाही. वर नांगर नि दोराचं पोतं फुकट देत होता, ते नको म्हटलं.

रापणवालो:
फुकटचो नांगर सोडलंस?

फायबरमिस्त्री:
नांगर घ्या हो, लोखंड घासून धुता येतं. दोर तेवढा नको.
इंजिन इकडे आल्यावर वाडीत स्टँडवर लावा, गरम पाणी आतून फिरवून देतो, मात्र आधी मॉडेल कळवा, कुठलं इंजिन किती गरम पाणी सोसेल ते बघावं लागेल. आणि पावसाच्या तोंडावर बोट आली तर लगेच झापांनी शाकारू नका. आधी आठ-दहा दिवस कडक ऊन खाऊ दे, बिल्जची झाकणं उघडी ठेवून.