जैविक हल्ल्यासाठी सोसायटीने डॉक्सीचा साठा करावा का?

माधवी, कल्याण:
परवा सोसायटीच्या सभेत लिफ्टचा विषय संपल्यावर एका काकांनी व्हॉट्सॲपवर आलेला मेसेज वाचून दाखवला. मोठा जैविक हल्ला झाला तर हाताशी असावं म्हणून प्रत्येक घराने डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकच्या दहा स्ट्रिपा घेऊन ठेवाव्यात. ९६ फ्लॅट आहेत, वर्गणीही ठरली. मी सेक्रेटरी, त्यामुळे खरेदी माझ्या गळ्यात. खरंच घ्यायच्या का?

खवय्या:
ओरेगनचं आठवा. १९८४, अमेरिकेतलं द डॅल्स गाव. पुण्याहून तिकडे गेलेल्या रजनीशांच्या काही अनुयायांनी हॉटेलांच्या सॅलडमध्ये साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू मिसळला. ७५१ जण आजारी, दगावलं कुणी नाही. पण हा घातपात होता हे उघड व्हायला वर्ष गेलं. तोवर ठपका हॉटेलातल्या कामगारांच्या अस्वच्छ हातांवर! काकांना हल्ला झाल्याचं कळवणार कोण?

जुना केमिस्ट, नंदुरबार:
माधवीताई, थांबा जरा. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगचा बोभाटा झाला तेव्हा माझं दुकान स्टेशनजवळ होतं. (नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातच.) आपल्या खानदेशातली कितीतरी पोरं सुरतेच्या उधना-लिंबायतला कापडाच्या लूमवर. सुरतेची गाडी आली की तोंडाला रुमाल बांधलेली माणसं सरळ काउंटरवर. "टेट्रा द्या." म्हणजे टेट्रासायक्लिन, डॉक्सीच्याच जातीचं औषध. ताप एकालाही नाही. एका गृहस्थाने एकट्याने दोनशे कॅप्सूल नेल्या, आणि मी दिल्या. दुपारच्या चहापर्यंत माल संपला. दिवेलागणीला खरोखर तापाने फणफणलेला, खोकणारा एक पोरगा आला. "नाहीत रे" म्हणून सरकारी दवाखान्यात पाठवला.

खोटं कशाला सांगू, नव्हत्या असं नाही. दोन डबे मी सकाळीच घरी धाडले होते. बायकोने बाजरीच्या कोठीत लपवले. रात्री लक्षात आलं, धाकटा सहा वर्षांचा, त्याला टेट्रा द्यायचीच नाही, दात पिवळे पडतात. रोज दहा आयांना हेच सांगणारा मी!

आता तुमचा हिशोब. २००१ मध्ये अमेरिकेत टपालाच्या पाकिटांतून अँथ्रॅक्सचे जंतू आले, तेव्हा संपर्कातल्यांना साठ दिवस गोळ्या दिल्या. डॉक्सी दिवसाला दोन, म्हणजे माणशी १२०. दहा स्ट्रिपांत एकाचंही भागत नाही. आणि देवीच्या रोगासारखा विषाणू असला तर डॉक्सी म्हणजे खडीसाखर. जंतू कोणता ते कळल्याशिवाय गोळी ठरत नाही, आणि ते लवकर कळायचं तर कुणीतरी कळवावं लागतं. एकाच विंगमध्ये चार-पाच घरं एकदम तापाने पडली तर "हवा बदलली" म्हणू नका, त्याच दिवशी पालिकेच्या आरोग्य केंद्रात सांगा. कोणाच्या घरी कोण अंथरुणाला खिळलंय, कुणाचं डायलिसिस चालू आहे, त्यांना औषध नेऊन कोण देणार, हे आत्ताच लिहून ठेवा. आणि सरकार घरी थांबा म्हणालं तर गावाला पळू नका. सुरतेत मेले पन्नासच्या आसपास, पळाले लाखो.

माधवी, कल्याण:
काल यादी केली. अकरा घरांत एकटी म्हातारी माणसं निघाली. मेसेजवाले काकाही त्यातच. वर्गणी परत केली. पण त्या दोन डब्यांचं काय झालं?

जुना केमिस्ट, नंदुरबार:
आठ दिवसांनी बाजरी झटकून फळीवर लावले. तोवर कुणी विचारेना. तो पोरगा मात्र नंतर कधी दुकानावर दिसला नाही.