एआयकडून कोड लिहून घ्यायचा तर कडक कंपायलरची भाषाच घ्या

धागाकर्ता, शिरोली एमआयडीसी:
आम्ही फाउंड्रीवाल्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. नव्या कामाला पायथन घ्यायचं की टाईपस्क्रिप्ट, यावरून ऑफिसात वाद पेटलाय. माझं मत पक्कं आहे. एआय अस्तित्वातच नसलेलं फंक्शन बिनधास्त वापरतो आणि वाचताना ते बरोबरच वाटतं. पायथनमध्ये ती ओळ चालेपर्यंत चूक कळत नाही. महिनाअखेरीच्या रिपोर्टातली ओळ असेल तर महिनाअखेरीलाच कळणार! टाईपस्क्रिप्ट, रस्ट या भाषांचे कंपायलर, म्हणजे कोड चालवण्याआधी तपासणारे प्रोग्राम, जागीच अडवतात. तोच एरर एआयला दिला की बऱ्याचदा तो स्वतःच दुरुस्त करतो.

पायथनवाली, राजारामपुरी:
दादा, पायथनला ढिलं समजू नका. "५" + ५ केलं तर तो टाईपएरर (मजकूर आणि आकडा मिसळल्याची चूक) देतो. जावास्क्रिप्ट मुकाट्यानं "५५" करतं. चालवण्याआधी तपासणी हवी तर टाईप हिंट्स (कुठे आकडा, कुठे मजकूर हे कोडातच लिहिणं) २०१५ च्या ३.५ आवृत्तीपासून आहेत, ते तपासणारं मायपाय लावा. शिवाय एआयनं पायथन रग्गड वाचलंय. रस्टमध्ये तो बॉरो चेकरशी (मेमरीचा वापर तपासणाऱ्या कंपायलरच्या भागाशी) झटापट करत बसतो आणि शेवटी जिकडेतिकडे क्लोन (डेटाची नक्कल) टाकून मोकळा होतो. तो कोड तुमच्या टीममध्ये तपासणार कोण?

गुळाच्या अडतीचं सॉफ्टवेअर बघणारा, मार्केट यार्ड:
मला दोघांचंही पटत नाही. रवे (गुळाच्या ढेपा) किती आणि क्विंटल किती, दोन्ही टाईपस्क्रिप्टला नुसते नंबर. एआयनं अदलाबदल केली तर कंपायलर हूं की चूं करत नाही आणि शेतकऱ्याची पट्टी (विक्रीचा हिशेब) चुकते. खऱ्या पट्ट्या घेऊन टेस्ट लिहा, मग भाषा कुठलीही घ्या.

धागाकर्ता:
पट्टी चुकू नये म्हणूनच तर म्हणतोय! रस्टमध्ये रवे आणि क्विंटल असे दोन वेगळे स्ट्रक्ट (आपण बनवलेले टाईप) करा. अदलाबदल झाली की कंपाइलच होणार नाही. टेस्ट लिहायला कुणाला तरी सुचावी लागते, टाईप मात्र प्रत्येक ठिकाणी पहारा देतो. ते टाईप आपण ठरवायचे, आतला कोड एआयनं भरायचा.

पायथनवाली, राजारामपुरी:
आणि एरर घालवायला एआयनं टाईपस्क्रिप्टमध्ये 'एनी' (काहीही चालेल असा टाईप) टाकलं तर?

धागाकर्ता:
स्ट्रिक्ट (कडक तपासणी) चालू ठेवायचं, लिंटरमध्ये (कोडचे नियम तपासणाऱ्या टूलमध्ये) 'एनी'वर बंदी घालायची. आमच्याकडे त्याशिवाय कोड मुख्य कोडमध्ये मर्जच होत नाही.

गुळाच्या अडतीचं सॉफ्टवेअर बघणारा, मार्केट यार्ड:
रव्यांचं पटलं, पण ते रस्टमध्ये. तुमचा वाद टाईपस्क्रिप्टचा आहे, आणि त्याचे टाईप कोड चालताना उरतच नाहीत. वजनकाट्याकडून आकड्याऐवजी स्ट्रिंग (मजकूर) आली तर ती थेट आत शिरते. तिथली तपासणी हातानंच लिहावी लागते, आणि एआय नेमकी तीच गाळतो.