सोमवारचा फ्रान्स: खेड्यात राहणाऱ्यांचे अनुभव

पॅरिसवर मराठीत पुष्कळ लिहून झालंय. आयफेल, लूव्र, मेट्रोतले खिसेकापू, काही शिल्लक नाही. पण आपल्यातली बरीच मंडळी पॅरिसात राहतच नाहीत. कुणी नोकरीपायी, कुणी लग्न करून, कुणी द्राक्षशेती शिकायला म्हणून अशा गावात येऊन पडलंय, जिथली एकुलती एक बस शाळेला सुट्टी लागली की बंद होते. फ्रान्समध्ये सुमारे 35,000 ग्रामपंचायती आहेत आणि त्यांतल्या निम्म्या गावांची वस्ती पाचशेच्याही आत आहे. त्या फ्रान्सबद्दल लिहा. अट एकच: पर्यटकाचा रविवार नको, रहिवाशाचा सोमवार हवा. बेकरी बंद, बँक बंद आणि घरातला पाव काल रात्रीच संपलेला.

सुरुवात मी करते.

मी मध्य फ्रान्समधल्या क्रझ जिल्ह्यात राहते. अख्ख्या जिल्ह्याची लोकसंख्या 1,15,000 च्या आसपास. नवरा इथलाच. आमच्याकडे प्रत्येक गोष्ट ग्रामपंचायतीपासून सुरू होते, आणि ती उघडी असते आठवड्यातून दोन सकाळी. मेयर निवृत्त शेतकरी आहेत, पण गाव चालवतात त्या सचिवबाई. जन्म-मृत्यूच्या नोंदी, खिडक्यांचा रंग बदलायचा अर्ज, स्मशानातली जागा, सगळं त्यांच्याकडे. लग्नसुद्धा कायद्यानं मेयरच लावतात. चर्चमधलं हवं असेल तर त्यानंतर. आमचं लग्न त्यांनी तिरंगी पट्टा घालून लावलं. आईला मंगलाष्टकं होणार नाहीत याची रुखरुख होती. हे कळल्यावर मेयर म्हणाले, तुम्ही म्हणा, मी थांबतो. पाच कडव्यांची कल्पना त्यांना नसावी. बिचारे शेवटपर्यंत सावधान उभे होते.

आमच्या भागात इंग्रज भरपूर. शेजारचे आजोबा पंचायतीत सदस्य होते. युरोपियन युनियनच्या नागरिकांना इथे गावच्या निवडणुकीत मत देता येतं, उभंही राहता येतं. ब्रेक्झिट झालं आणि 2020 मध्ये आजोबांचं मत गेलं, खुर्चीही गेली. मग रेसिडेन्स कार्डासाठी ते माझ्या मागे रांगेत उभे. इतकी वर्षं आपण इथे परदेशी आहोत हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. मला ते विसरायची सोय कधी नव्हतीच.

आणि लाकूड! आमचा हिवाळा लाकडावर निघतो. ते घनमीटरनं विकतात, त्या मापाला स्तेर म्हणतात. ओक घ्यायचा तर दोन वर्षं वाळलेला, नाहीतर घरभर नुसता धूर. मागणी उन्हाळ्याच्या तोंडावरच नोंदवायची. ट्रॅक्टरवाला अंगणात ढीग ओतून जातो, रचायचं काम आपलं. धुराडं दरवर्षी साफ करून घ्यायचं आणि त्याचं प्रमाणपत्र जपून ठेवायचं. घराला आग लागली तर विमा कंपनी आधी तेच मागते.

*निफाडचा, आता बोर्दोकडच्या लिबूर्नजवळ*

ताई, तुमच्या लाकडावरून आठवलं. आम्ही शेगडीत द्राक्षाच्या काड्या जाळतो. छाटणीत ढिगानं निघतात.

आपल्याकडे वर्षात दोन छाटण्या, एप्रिलात खरड आणि ऑक्टोबरात गोडी. वेल कधी झोपतच नाही. इथे पानं झडली की वेल मार्चपर्यंत निपचित. छाटणी एकदाच, आणि ती याच महिन्यांत, बोटं बधिर करणाऱ्या थंडीत. मालकाला मी सांगितलं की आमच्याकडे छाटण्या दोन आणि पीक एकच. मला वाटलं हसेल. त्यानं वही काढली आणि लिहून घेतलं, मग कितव्या डोळ्यावर कापता, पानं किती ठेवता, पाणी कधी तोडता, असं तासभर विचारत बसला. फ्रेंच माणूस शिष्ट असतो हे मीही ऐकून होतो. शेतीचं बोलायला लागलात की तो शिष्टपणा कुठल्या कुठे जातो.

2021 चा एप्रिल विसरणं शक्य नाही. महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात फ्रान्सभर पारा शून्याखाली गेला, आणि वेलींना नुकतेच कोंब फुटले होते. रात्री तीन वाजता आम्ही ओळींमधून पॅराफिनच्या मेणबत्त्या पेटवत फिरत होतो. मेणबत्ती म्हणजे डबाच असतो, रंगाच्या डब्याएवढा. निफाडला थंडीची लाट आली की आपण बागेत शेकोट्या पेटवतो, ते करत मी मोठा झालो. तिथे मणी तडकू नयेत म्हणून, इथे कोंब करपू नयेत म्हणून. काम तेच, काळजी तीच, आणि सकाळी बागेत पहिलं पाऊल टाकताना पोटात येणारा गोळाही तोच.

सध्या मात्र दिवस वाईट आहेत. बोर्दोची रेड वाइन पूर्वीसारखी खपत नाही. 2023 मध्ये वेली उपटण्यासाठी योजना निघाली, हेक्टरी 6,000 युरो. आमच्या रस्त्यावर दोघांनी उपटल्या. एकाच्या आजोबांनी लावलेली बाग होती. गावी फोनवर हे सांगितलं तर वडील म्हणाले, आम्हाला उपटायचेही पैसे कुणी देत नाही.

*शरांत-मारितीममधून, थोडक्यात*

चर्चची घंटा रात्री बंद करता येईल का, असं विचारायला जाऊ नका. आमच्याकडे तासाचे ठोके दोन-दोनदा पडतात, पहिल्यांदा मोजायला चुकलात तर दुसरी संधी. शेजारच्या ओलेराँ बेटावर मोरिस नावाच्या कोंबड्यावर खटला झाला होता. सुट्टीपुरत्या येणाऱ्या शेजाऱ्यांची पहाटेची झोप मोडते म्हणून. 2019 मध्ये निकाल कोंबड्याच्या बाजूनं लागला, आणि जानेवारी 2021 मध्ये तर कायदाच झाला की गावाकडचे आवाज आणि वास हा देशाचा वारसा आहे. शेणाचा वाससुद्धा. माझ्या सासऱ्यांनी ही बातमी वाचून नागठाण्याला चहा पाजला सगळ्यांना.

*ओत-लुआर, ल प्युईच्या वरच्या अंगाला*

मी फक्त स्वयंपाकघराबद्दल लिहिणार.

तूरडाळ मिळत नाही हे मान्य करून टाका, मग आयुष्य सोपं होतं. आमच्या भागात ल प्युईची हिरवी मसूर पिकते, तिला वाइनसारखं प्रदेशाच्या नावाचं संरक्षण आहे. शिजली तरी आख्खी राहते, त्यामुळे आमटीला कुचकामी, पण उसळ अशी होते की विचारू नका. आमटीसाठी लाल मसूर कुठल्याही सुपरमार्केटात मिळते. बेसन बायो म्हणजे सेंद्रिय मालाच्या दुकानात चण्याचं पीठ म्हणून मिळतं. ज्वारीचं पीठही तिथेच, ग्लुटेन न खाणाऱ्यांच्या कप्प्यात, आणि भाव असा की भाकरी करपली तर रडू येईल.

आठवडी बाजार मात्र डोळे उघडे ठेवून फिरा. ओझेय नावाची आंबट पालेभाजी असते, ती आपल्या चुक्याची सख्खी बहीण. शेंगदाणे आणि हरभऱ्याची डाळ घालून पातळ भाजी केली तर आईलाही फरक कळला नाही. उन्हाळ्यात पुर्पिए म्हणून जे ऐटीत सॅलडात घालतात ती चक्क घोळ. माझ्या परसात ती तण म्हणून उगवते. शेजारीणबाई उपटून टाकायच्या, आता माझ्या दारात आणून ठेवतात. आणि श्रीखंडाला चक्का बांधायची गरज नाही. फेसेल नावाचं ताजं चीज छिद्रांच्या डब्यातच येतं. ते रात्रभर फडक्यात टांगा, साखर-वेलची घाला, झालं. गावच्या जत्रेत मी हे ठेवलं होतं. केशर बघून सगळ्यांना वाटलं फार महागडं काहीतरी आहे.

शाकाहारी असाल तर "मांस खात नाही" एवढं सांगून भागत नाही. हॅम, लार्डों (डुकराच्या मांसाचे छोटे तुकडे), कोंबडी, मासे, एकेकाचं नाव घेऊन नको म्हणावं लागतं. मांस म्हणजे फक्त लाल मांस असं प्रामाणिकपणे मानणारे आजी-आजोबा अजून आहेत, आणि त्यांच्या आग्रहापुढे सोलापूरचा आग्रह फिका.

*ॲरिएजमधून एक प्रश्न*

आमच्याकडे भारतीय लायसन्स आहे. बदलून मिळतं का? जवळचं सुपरमार्केट अठरा किलोमीटरवर आहे हो.

*न्येव्हरहून उत्तर*

नाही मिळत. ज्या देशांशी अदलाबदलीचा करार आहे त्यांत भारत नाही. इथे राहायला लागल्यापासून एक वर्ष भारतीय लायसन्सवर चालवता येतं (विद्यार्थ्यांना शिक्षण संपेपर्यंत सवलत आहे), मग सगळं पहिल्यापासून. आधी लेखी परीक्षा, 40 प्रश्न, 35 बरोबर हवेत, आणि सगळं फ्रेंचमध्ये. मग ड्रायव्हिंग स्कूलचे तास, मग प्रत्यक्ष परीक्षा, आणि तिची तारीख मिळायलाच महिने जातात. म्हणून वर्ष सरायची वाट पाहू नका, आल्या आल्या नाव नोंदवा. पुण्यात दुचाकीवर वाढलेल्या माणसाला सगळ्यात जड जातो तो उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचा नियम. गावात छोट्या गल्लीतून निघालेल्या ट्रॅक्टरचा हक्क मोठ्या रस्त्यावरच्या तुमच्यापेक्षा जास्त, खूण लावलेली नसेल तर.

तोवर काय करायचं? तुमचा जन्म 1988 च्या आधीचा असेल तर ताशी 45 किलोमीटरची ती चिमुकली डबा-गाडी लायसन्सशिवाय चालवता येते. मागे गाड्यांची रांग लागते, पण आपण रेडिओ लावायचा.

*ओर्न, नॉर्मंडी*

आमच्या गावात सगळ्यात दुर्मिळ वस्तू म्हणजे डॉक्टर. सोळा वर्षांवरच्या प्रत्येकानं आपला ठरलेला डॉक्टर नोंदवायचा असतो. त्याच्याकडे गेलात तर 30 युरो फीमधले 70 टक्के सरकारी विमा देतो (दोन युरो कापून), नोंदणी नसेल तर परतावा 30 टक्क्यांवर येतो. व्यवस्था छान आहे, फक्त नवीन पेशंट घेणारा डॉक्टर पाहिजे. आमचे निवृत्त झाले, त्यांची जागा भरली नाही, आणि आजूबाजूच्या प्रत्येक दवाखान्यात एकच उत्तर: यादी पूर्ण. शेवटी ज्यांनी घेतलं ते शेजारच्या जिल्ह्यात.

या काळात मला कळलं की खेड्यातला खरा आधार फार्मसी आहे. 2024 पासून घसा दुखत असेल तर फार्मासिस्ट तिथल्या तिथे टेस्ट करून अँटिबायोटिक देऊ शकतो. पावसानंतर रानातून आणलेल्या अळंब्या खायच्या की फेकायच्या हेही विचारायला लोक टोपली घेऊन त्याच्याकडेच जातात. माझ्या पुढच्या बाईंची अख्खी टोपली त्यानं कचऱ्यात ओतली, त्यांनी आभार मानले आणि खोकल्याचं औषध घेतलं.

*पा-द-काले, बेत्यूनजवळ*

मी इथे आलो तेव्हा घरमालकांनी पहिल्याच भेटीत विचारलं, स्मारक बघून आलात का? मला काहीच माहीत नव्हतं. पुढच्या रविवारी त्यांनी गाडीतून नेलं. न्यव-शापेलचं भारतीय स्मारक शेतांच्या मधोमध, चौरस्त्यावर आहे. 1927 मध्ये उभारलं, वर्तुळाकार भिंत, उंच खांब, आणि 4,700 हून अधिक भारतीय सैनिकांची नावं, ज्यांच्या कबरीचा ठावठिकाणा नाही. गढवाली, गुरखा, शीख, पठाण. मार्च 1915 मध्ये इथे मोठी लढाई झाली.

आमच्या गावच्या सैनिक-स्मारकापाशी दर 11 नोव्हेंबरला सगळे जमतात. मेयर एकेक नाव वाचतात आणि प्रत्येक नावानंतर शाळेतली मुलं एका सुरात म्हणतात, "फ्रान्ससाठी मेला". छोट्याशा गावातून इतकी नावं, एकाच आडनावाची तीन-तीन. मग पंचायतीत वाइन आणि गप्पा. तिथे भारतीय म्हणून मला कुणी योगासनं-करीबद्दल विचारत नाही. विचारतात ते 1914 च्या हिवाळ्याबद्दल, आणि सुती कपड्यांत आलेल्या त्या पोरांबद्दल. उत्तरं देता यावीत म्हणून मी वाचायला लागलो.

*व्हिनोंच्या आसपास, दक्षिणेत*

आमचं खेडं थोडं फसवं आहे. जवळच ईटर हा अणुसंलयनाचा, म्हणजे अणू जोडून ऊर्जा मिळवण्याचा, प्रकल्प आहे. भारत त्याच्या सात भागीदारांपैकी एक, आणि त्याचं क्रायोस्टॅट म्हणजे तीस मीटरचं ते अवाढव्य पोलादी भांडं हजिऱ्यात बनलं. त्यामुळे पेतांक हा लोखंडी गोळे फेकायचा खेळ खेळणाऱ्या म्हाताऱ्यांना भारत, जपान, कोरिया सगळं पाठ आहे. माझी गोळाफेक बघून ते एवढंच म्हणतात, इंजिनियर असूनही?

*कांतालमधून*

आमच्या गावच्या शाळेत एकच वर्ग, पाच इयत्ता, एकच बाई. आम्ही दोन मुलांसह राहायला येतोय म्हटल्यावर मेयर स्वतः किल्ली घेऊन आले, पेटी उचलू लागले. नंतर कळलं, पट कमी झाला की वर्ग बंद व्हायची टांगती तलवार असते. आमच्या दोघांमुळे ते वर्ष निभावलं. मुलं आता माझं फ्रेंच सुधारतात, तेही कांतालच्या हेलात. बुधवारी सुट्टी, हे मात्र नोकरी करणाऱ्या आईबापांनी आधीच मनात धरा.

*एक नवी येणारी*

सप्टेंबरात लोझेरला येतेय, वर्षभरासाठी. सोबत काय आणू?

*पुन्हा मी, क्रझहून*

कुकरच्या दोन रिंगा, शिट्टीसकट. गोडा मसाला. डोक्याला बांधायची बॅटरी, कारण बरीच गावं मध्यरात्री रस्त्यावरचे दिवे घालवतात. आणि नारिंगी जाकीट इथे आल्यावर घे. सप्टेंबरात शिकारीचा हंगाम सुरू होतो तो फेब्रुवारी संपेपर्यंत, आणि रानडुकरं लोझेरला खूप. रानात फिरायला निघालीस की आधी शेजाऱ्यांना विचार, शिकारी आज कुठल्या बाजूला चाललेत. तूरडाळीसाठी कुणी पॅरिसला जातंय का यावर लक्ष ठेव. ला शापेलच्या दुकानांत मिळते. निफाडकर दादा, तुमचा पुतण्या पुढच्या महिन्यात पॅरिसला जातोय ना?